पंचवीस फुटांवरची भिंत

३ नोव्हेंबर, सोमवार

ही वही जागृतीने आणून दिली. बँकेची डायरी आहे, वर्ष संपत आलं तरी कोरी राहिलेली. ठाण्याच्या डॉक्टरांनी सांगितलंय, राग आला की हात उचलायच्या आधी वही उचला. मी विचारलं, वही उचलून समोरच्याच्या डोक्यात घातली तर चालेल का? डॉक्टर हसले नाहीत. जागृती हसली, पण बाहेर आल्यावर.

कारण काय, तर गेल्या आठवड्यात सिग्नलला मी एका बाईकवाल्याच्या दोन कानाखाली वाजवल्या. समोरून येताना सारखा डिपर मारत होता. लपलप, लपलप. अरे, रस्ता तुझ्या बापाचा आहे का? गाडी आडवी घातली, उतरलो, दिल्या. त्याचं हेल्मेट गटारात गेलं. घरी आल्यावर माझंच डोकं गरगरायला लागलं, बीपी बघितलं तर वरचा आकडा एकशे नव्वद. शालन, म्हणजे माझी बायको, बोलली की एक दिवस तुम्ही कुणाला तरी मारून टाकाल. बायकांना एकदम टोकाचंच सुचतं.

जागृतीचं वेगळंच. पोरगी ठाण्याला वकिलीचं शिकते, त्यामुळे घरात रोज उलटतपासणी. "पप्पा, सगळे तुम्हालाच डिपर का मारतात?" मी म्हटलं, माज आलाय लोकांना. जुनी गाडी बघितली की प्रत्येकाला वाटतं, हा होईल बाजूला. "नाही पप्पा. तुमचे दिवे वर मारतात. समोरच्याला काही दिसत नाही."

दिवे वर आहेत ते मीच केलेत. आमच्या गावाकडून दिवा स्टेशनला जाणारा रस्ता जुन्या मिठागराच्या बांधावरून जातो. खांब एक नाय, खड्डे ढोपरभर. मला खड्डे दिसायला नकोत? माझी मारुती एट हंड्रेड नव्व्याण्णव सालची, काचा पिवळ्या पडलेल्या. म्हणून मागचे स्क्रू फिरवून दिवे जरा वर घेतले. दसऱ्याला उजवी बाजू गटाराच्या कठड्याला घासली, त्या दिव्याची पकड तुटली, ती तारेने बांधली. चांगली बांधली. सव्वीस वर्षं ही गाडी मी हाताने सांभाळलीय.

पण अठ्ठावीस तारखेला गाडीचं आरटीओ पासिंग आहे. कल्याणला दिवे तपासतात म्हणे. करायला लागणार.

६ नोव्हेंबर, गुरुवार

गॅरेजवाल्याकडे गेलेलो. बोनेट उघडून बघितलं आणि बोलतो, "काका, हिला आता भंगारात द्या." मी त्याचा पाना उचलून त्याच्याच टेबलावर आपटला. टेबल फुटलं. वही घरी राहिलेली, काय करणार.

आता घरीच करणार. जागृतीने मोबाईलवर दाखवलं, अवघड काही नाय. टायरात हवा बरोबर पाहिजे, जमीन सपाट पाहिजे, चालकाच्या जागी माणूस बसवायचा म्हणजे गाडी रोजच्यासारखी दबते. दिव्याची जमिनीपासून उंची मोजायची, तेवढ्याच उंचीवर समोरच्या भिंतीवर खुणा करायच्या. मग गाडी भिंतीपासून पंचवीस फूट मागे घ्यायची आणि अंधार पडल्यावर एकेक दिवा लावायचा. उजेडाचा वरचा काठ खुणेच्या दोन इंच खाली आला पाहिजे. नाय आला तर स्क्रू फिरवायचा. बस.

अडचण एकच. पंचवीस फुटांवर सपाट भिंत आख्ख्या आळीत एकच आहे, पोपटदादाची.

पोपटदादा माझा मोठा भाऊ. त्याचं घर आणि माझं घर समोरासमोर, मध्ये आमच्या बापाचं खळं. पूर्वी भात झोडायचो तिथे. खळं दोघांचं सामाईक, आणि त्यावर बिल्डरचा डोळा. मला द्यायचं नाय, दादाला द्यायचंय. चार वर्षं आम्ही एकमेकांशी बोललेलो नाय. गेल्या साली मोजणीवाले टेप घेऊन आलेले तेव्हा मी कोयता काढलेला आणि दादाने पहार. मोजणीवाले टेप टाकून पळाले. ती टेप अजून माझ्याकडे आहे, पन्नास फुटी, चांगली आहे.

९ नोव्हेंबर, रविवार

ओठ फाटलाय. शालन हळद लावते आणि बडबडते. लिहितो सगळं.

सहा वाजता गाडी खळ्यात लावली. टेपचं टोक दादाच्या भिंतीला टेकवलं, पंचवीस फूट मोजून जमिनीवर चुन्याची रेघ मारली. भिंतीवर खडूने दोन फुल्या काढल्या. शालनला चालकाच्या जागी बसवलं. बोलली, "माझं वजन तुमच्या निम्मं पण नाय." मी म्हटलं, मांडीवर तांदळाची गोण ठेव. ठेवली खरंच. हसत होती. किती दिवसांनी हसली.

डावा दिवा मस्त जमला. उजव्यावर फडकं टाकून डावा लावला, आठ-दहा फेरे फिरवले, उजेड आला बरोबर खुणेखाली. मग उजवा. त्याचा स्क्रू उलटा फिरला वाटतं, तारेमुळे असेल, उजेड खाली यायच्या ऐवजी वर चढला, चढत चढत दादाच्या खिडकीत गेला. खिडकीत विकी होता. विकी म्हणजे दादाचा एकुलता एक. घरातलं वैर मोठ्यांचं, पोरगा माझ्याशी बोलतो. याच गाडीवर मी त्याला क्लच सोडायला शिकवलाय. डोळ्यावर हात धरून ओरडला, "काका, सिनेमा लावला काय?"

तेवढ्यात दादा बाहेर आला. त्याने काय बघितलं? जमिनीवर चुन्याची रेघ. भिंतीवर फुल्या. आणि माझ्या हातात ती मोजणीवाल्यांची टेप.

"कनाला खुना करतंस रं माझे भिंतीवं?"

मी म्हटलं, दिवे लावतोय.

"मना शिकवतंस? बिल्डरचे पोटात शिरलास तू! माझे पाठीमागं मोजनी करतंस?"

आता बिल्डर कुणाला पाहिजे, त्याला का मला? एवढं बोलायला तोंड उघडलं तर त्याने बांबू उचललेला. पहिला तोंडावर बसला. दुसरा मी हातावर घेतला. मग मला काही दिसलं नाय. त्याला गळ्याला धरून खाली पाडला, वर बसलो आणि ठोसे दिले. तिसऱ्या ठोशाला त्याचा दात माझ्या बोटात रुतला. खरं लिहायचं तर बरं वाटलं. चार वर्षांचं साठलेलं. दादा खालून माझे केस ओढत होता, लहानपणी ओढायचा तसेच.

विकीने सोडवलं. मध्ये पडला, दोघांच्या मध्ये पालथा झोपलाच. "काका, दिवे काय, मी धरतो तुमची टेप, पन मारू नका बाबांना."

दादाने फुल्यांवर शेण फासलं. बोलला, परत या भिंतीला हात लावलास तर हात तोडीन. मी पण बोललो, तुझ्या भिंतीवर थुंकत पण नाय. बोनेट आपटून बंद केलं.

उजवा दिवा राहिला तसाच. राहू दे. पासिंगच्या आदल्या दिवशी बघू.

१२ नोव्हेंबर, बुधवार

येताना सहा जणांनी डिपर मारले. मोजले. एकालाही मारलं नाय. घरी येऊन वही उचलली. डॉक्टरांना सांगायला पाहिजे.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

दिव्याला शालनच्या बहिणीकडे तीन दिवस पाणी नाय, टँकर पण नाय. बोअरचे सहा कॅन भरून देऊन आलो. तीन मजले मीच चढवले. मेव्हणी बोलली, तुमच्यासारखा माणूस नाय भाऊजी. लिहून ठेवतो, म्हणजे घरात दाखवता येईल.

येताना बांधावर, सव्वासात असतील, समोरून एक बाईकवाला. लांबूनच डिपर मारायला लागला. एकदा, दोनदा, तीनदा. वर हॉर्न. मला पण राग येतो, पण हात उचलायचा नाय असं ठरवलंय ना. उचलला नाय. फक्त अप्पर मारला. दिला पुरा त्याच्या तोंडावर आणि ठेवला तसाच, तो जवळ येईपर्यंत. घे म्हटलं, तुला उजेड पाहिजे ना. नाल्यावरच्या मोरीच्या अलीकडे बाजूने गेला असेल, आरशात बघितलं तर मागे कोण नाय. पळाला हरामखोर.

हात न लावता माणसाला जागेवर आणता येतं. आज बीपी एकशे चाळीस. जेवायला बांगडे आहेत.

१५ नोव्हेंबर, शनिवार

काय लिहू? विकी गेला असता.

काल रात्री जेवताना गोदूवहिनींची, दादाच्या बायकोची, किंकाळी ऐकली. ताट टाकून धावलो. कोणीतरी फोन केलेला, विकी बांधावरच्या मोरीत पडलाय. मीच उतरलो मोरीत. बाईक वर, पोरगा खाली, मोरीच्या दगडावर तोंड. उजवा डोळा... नाय लिहीत. माझ्या गाडीत घातला, त्याचं डोकं दादाच्या मांडीवर, आणि ठाण्याच्या हॉस्पिटलपर्यंत मी गाडी कशी मारली मला आठवत नाय. समोरचे डिपर मारत होते. मी हॉर्नवरचा हात काढला नाय.

ऑपरेशनच्या दाराबाहेर दादा मला मिठी मारून रडला. चार वर्षांनी. त्याच्या तोंडात तो दात नाय, तिथे काळं दिसतं. मी पण रडलो.

सीटवर रक्त आहे. शालन धुवायला निघाली, मी धुऊ दिलं नाय.

१७ नोव्हेंबर, सोमवार

शुद्धीवर आला. डावा डोळा वाचला. उजवा काढावा लागला. चोवीस वर्षांचा पोरगा आहे.

हळू बोलतो, ओठ शिवलेत. जिमला निघालेला दिव्याला. बोलला, समोरून गाडी आली, एक दिवा थेट डोळ्यात. मी खूप डिपर मारले काका, त्याने उलट अप्पर टाकला. मग सगळं पांढरं झालं. मोरी दिसलीच नाय. गाडी थांबली पण नाय.

मी त्याच्या खाटेचा लोखंडी दांडा धरून बसलेलो. डावा हात अजून दुखतोय, एवढा आवळलेला. मी त्याला सांगितलं, विकी, तुझ्या गळ्याची शपथ, त्याला शोधून काढतो. ज्याने केलं त्याचे हात मोडून तुझ्यासमोर आणतो. दादा बोलला, "तू मार, मी धरतो."

मनाला एकच लागून राहिलंय. मी पण त्याच रस्त्याने आलेलो ना त्या संध्याकाळी. जरा उशिरा आलो असतो तर मीच त्याला उचलला असता, दोन तास तो मोरीत पडून राहिला नसता.

२० नोव्हेंबर, गुरुवार

सापडला.

दुपारी गावातल्या पोरांचा फोन, वजनकाट्याजवळ एक टेम्पो उभा आहे, उजवा दिवा वाकडा, वर बघतोय, पुढे पोचा. डिकीतून टॉमी घेतली, जॅक फिरवायची लोखंडी. दादाला घेतलं.

पंचविशीतला होता. नाव सूरज, आंबिवलीचा. टेम्पोत झोपलेला, पायाला धरून खाली ओढला तेव्हा त्याला कळलं पण नाय काय चाललंय. पोरांनी लाथा घातल्या. मी म्हटलं थांबा, याला कळलं पाहिजे कशासाठी. विचारलं, चौदा तारखेला बांधावर होतास ना? बोलतो, "आई शप्पथ काका, चौदाला गाडी माझ्याकडे नव्हतीच, गॅरेजला होती." मी म्हटलं, दिवा वाकडा कसा? बोलतो, "वाकडा आहे ना, नवीन टाकायचाय." बघा! स्वतः कबूल केलं. दिवा वर करून फिरायचं, समोरचा मरो का जगो.

दादाने त्याचा उजवा हात टेम्पोच्या पायरीवर दाबून धरला. मी टॉमी दोन्ही हातांनी उचलली. पहिल्या फटक्याला हाड वाजलं, ओलं लाकूड मोडतं तसं. दुसरा फटका कशाला मारला मला माहीत नाय, तेव्हा तो ओरडायचा थांबलेला. पँट ओली झालेली त्याची. दादाने हात सोडला नाय.

मग त्याचा दिवा पण फोडला.

घरी येऊन अंघोळ केली, दोन तास मेल्यासारखा झोपलो. वही उचलायची राहून गेली. आत्ता उचलली.

२२ नोव्हेंबर, शनिवार

दादाकडे जेवलो. खेकड्याचा रस्सा. गोदूवहिनी वाढताना बोलल्या, घराला घर मिळालं, पण केवढ्याला. दादा बोलला, "पंढरी, तुझं ते दिव्यांचं राहिलंय ना? माझी भिंत हाय. पायजे तवरं खुना कर." म्हणून नऊ तारखेचा राग मी विसरून टाकलाय. भाऊ मिळाला मला.

जागृती माझ्याशी धड बोलत नाय. मारामारीमुळे असेल, कायदा शिकते ना. काल अचानक विचारलं, "पप्पा, चौदा तारखेला तुम्ही दिव्याहून किती वाजता आलात?" मी म्हटलं, सव्वासात-साडेसात. का? बोलली, "काही नाही." आणि बाथरूममध्ये जाऊन बराच वेळ नळ सोडून बसली. पाणी वाया जातं म्हणून शालन ओरडली तिला.

वहीच्या एका पानाचा कोपरा दुमडलाय कुणीतरी. शालन झाडताना पाडत असणार. कपाटात ठेवायला पाहिजे.

२४ नोव्हेंबर, सोमवार

त्या सूरजची आई आली होती. एकटी, चालत, वजनकाट्यापासून विचारत विचारत. खळ्यात उभी राहिली. ओरडली नाय, शिव्या दिल्या नाय. पदराखालून गॅरेजचा कागद काढला. दहा ते एकोणीस तारीख टेम्पोचं इंजिन खोलून ठेवलेलं, गॅरेजवाल्याची सही. बोलली, "त्याच्या हाताला पट्टी घातलीये आत, लोखंडाची. बोटं हलत नाहीत. तुमच्यापैकी कुणी मारलं, एवढंच सांगा. मला तोंड बघायचंय."

खळ्यात दहा माणसं होती. मी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं. त्याच हाताने दिलं. ती प्यायली आणि मला बोलली, देव तुमचं भलं करो भाऊ.

ती गेल्यावर खुर्ची उचलून आत ठेवली. बीपी बघितलं नाय.

समजा कागद खोटा असेल. गॅरेजवाले सही कुठे पण देतात. पण ती बाई खोटी नव्हती. मग चुकलं आपलं? तरी पण दिवा त्याचा वर होता हे खरं ना? असा दिवा घेऊन फिरणाऱ्याला आज ना उद्या कुणीतरी धरलाच असता. नाय, हे बरोबर नाय लिहीत मी. पोरगा हाताने कमावतो. मग ज्याने विकीला पाडलं तो अजून मोकळाच फिरतोय. असाच दिवा घेऊन रोज त्याच रस्त्याने जात असेल. मी परत शोधीन. या वेळी नीट शोधीन.

२६ नोव्हेंबर, बुधवार

अक्षर वाकडं आहे. डोळ्यांपुढे अजून हिरवे गोळे फिरतात, ओळ दिसत नाय. तरी लिहितो.

विकीला आज दुपारी घरी आणलं. खिडकीजवळच्या खाटेवर ठेवलाय, हवा लागते म्हणून. जागृती मला बोलली, "पप्पा, दिव्यांचं आजच करा. अंधार पडला की लगेच." मी म्हटलं, आज पोरगा आलाय, उद्या करू. बोलली, "आजच." डोळे लाल होते तिचे. टेप तिनेच धरली.

दादाने स्वतः भिंत पुसून दिली, शेणाचे डाग काढले. फुल्या मी काढल्या. मग दादा चालकाच्या जागी बसला. बोलला, "मी तर तुझ्याहून जाड हाय, गोन नको मना." हसला. मी बोनेट उघडलं, स्क्रू ड्रायव्हर घेतला. म्हटलं, लाव रे दादा.

फडकं टाकायला विसरलो. दोन्ही दिवे एकदम लागले. डावा खुणेखाली, नऊ तारखेला लावलेला तसाच. उजवा खिडकीत.

विकी ओरडला. असं माणूस ओरडताना मी ऐकलेलं नाय, सूरज पण असा ओरडला नव्हता. "तोच! बाबा, तोच आला! बंद करा!" हातांनी पट्टी ओरबाडत होता, खाटेवरून खाली पडला. आतून सलाइनचा स्टँड पडल्याचा आवाज आला.

बोनेट वर होतं, दादाला भिंत दिसत नव्हती. दार उघडून बाहेर आला. उजेड बघितला. खिडकी बघितली. मग खाली वाकून दिवा बघितला, माझी तार बघितली. सगळं सावकाश.

"चवदा तारखेला तू कवा आयलास रं दिव्याशी?"

तेव्हा कळलं मला. तेव्हा. त्याआधी नाय. कुणाचा विश्वास बसणार नाय, पण या वहीत मी खोटं लिहिलेलं नाय. तीन डिपर. हॉर्न. आरशात कोण नाय. सगळं मीच लिहून ठेवलंय, वर बांगडे पण लिहिलेत.

मी म्हटलं, सव्वासात.

दादाने माझी मान धरली. गुडघ्यावर पाडलं आणि तोंड त्या दिव्यावर दाबलं. काच गरम होती, गालाला चटका बसला. "डोलं उघड." मी मिटलेले. त्याने केस धरून डोकं काचेवर आपटलं, एकदा, दोनदा. "उघड बोलतो ना! बघ! माझे पोऱ्यानं बघलं तसा बघ!" त्याच्या अंगठ्याने माझी पापणी वर ओढली. पांढरं. नुसतं पांढरं, आणि मग ते आत डोक्यात गेलं. शालन दादाच्या पाठीवर मारत होती, ओढत होती. मी हात उचलला नाय. मला वाटत होतं त्याने थांबू नये.

आतून विकी बोलला, "बाबा, सोडा काकाला."

दादाने सोडलं. मी चाचपडत डिकीकडे गेलो, टॉमी काढली, त्याच्या हातात दिली आणि माझा उजवा हात बोनेटच्या काठावर ठेवला. म्हटलं, मार. तू धरलेलास, तुला माहितीय कसा मारायचा. मार ना रं दादा!

त्याने टॉमी खळ्यात फेकून दिली.

"आधी दिवा खाली कर," बोलला आणि परत गाडीत जाऊन बसला.

मला काही दिसत नव्हतं. जागृतीने माझा हात धरून स्क्रूवर ठेवला आणि भिंतीकडे बघून सांगत राहिली. "खाली पप्पा. अजून खाली. अजून." तार कापली, पकडीत लाकडाची पाचर मारली, मग स्क्रूने ऐकलं. मी फिरवत होतो आणि रडत होतो. किती फेरे, मोजले नाय. शेवटी ती बोलली, "आला खुणेखाली."

दादाने दिवे बंद केले, उतरला, माझ्याकडे न बघता आत गेला आणि दार लावून घेतलं. मला मारलं असतं तर बरं झालं असतं. नाय मारलं.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

पोलीस ठाण्यात बसून लिहितोय. जागृती शेजारी आहे.

सकाळी स्वतः आलो. जमादार साहेबांना बांधावरचं सांगितलं, सूरजचं सांगितलं. दिवसभर बसवून ठेवलं, अंधार पडल्यावर ते माझ्यासोबत खळ्यात आले, गाडी बघितली. भिंतीवर फुल्या होत्याच, दिवे लावून दाखव म्हणाले. लावले. दोन्ही उजेड बरोबर दोन इंच खाली.

हसले. म्हणाले, "पाटील, दिवे तर एकदम ओके आहेत तुमचे. कशाला अंगावर ओढून घेता? तुमचा भाऊ तक्रार देत नाही, साक्षीदार नाही. त्या टेम्पोवाल्याला कुणी मारलं ते पण कुणी बघितलेलं नाही. घरातलं घरात मिटवा."

आळीतले चार-पाच जण जमलेले, माना हलवत होते. दादा ओट्यावर बसलेला. वर खिडकीत विकी होता, डावा डोळा माझ्याकडे.

खरंच सोपं होतं. उद्या पासिंगला गाडी गेली असती आणि पास पण झाली असती. गाडीवर आता काहीच लिहिलेलं नाय.

मी म्हटलं, साहेब, पंचनाम्यात दिवे बरोबर असं लिहू नका. त्या दिवशी नव्हते. माझ्याकडे लिहिलेलं आहे.

परत पोलीस ठाण्यात येऊन वही त्यांच्या टेबलावर ठेवली. चाळली त्यांनी, मग चेहरा बदलला. म्हणाले, ही जमा होणार, परत मिळायची नाही. मी म्हटलं, पाच मिनिटं द्या, आजचं राहिलंय. म्हणून लिहितोय.

बाकावर पलीकडे सूरजची आई येऊन बसलीय, जागृतीने फोन करून बोलावली. तोंड बघायचं होतं तिला. बघतेय. मी मान खाली घातलेली नाय, पण लिहायला खाली बघावं लागतं.

हात ठीक आहे माझा. कागद नीट धरता येतो.

चौदा तारखेचं पान जागृतीने दुमडून ठेवलेलं होतं, आज सांगितलं तिने. वीस तारखेचं, सूरजचं, आत्ता मी दुमडलं.